कोनसेट तीनदा आवळला, तरी हँडलची थरथर परत येते: कारण आणि इलाज

गाडी ७०-७५च्या वेगात सरळ चाललेली असते. पुढे ट्रक दिसतो, तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, काटा ६५वरून ५५कडे उतरायला लागतो आणि नेमकं तेवढ्यात हँडल डावी-उजवीकडे थरथरतं. दोन्ही हात घट्ट असतील तर कदाचित जाणवणारही नाही. पण हेल्मेटची काच खाली करायला डावा हात उचलावा आणि उजव्या हातात हँडल पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं फडफडावं, हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला पुन्हा त्या वेगात हात काढायचा धीर होत नाही. गॅरेजात गेलं की कोनसेट (हँडल ज्या छर्ऱ्या-वाट्यांवर फिरतं तो सांधा) लूज आहे असं सांगून आवळून देतात. पाच-सहाशे किलोमीटर गाडी छान चालते आणि मग एक दिवस थरथर परत हजर.

माझ्या बाबतीत हे तीन वेळा झालं. मी साताऱ्याहून कराडला कामाला गाडीनेच जाते, रोजचे येऊन-जाऊन शंभरेक किलोमीटर. म्हणजे पाचशे किलोमीटर माझ्यासाठी एक आठवडा. चौथ्या वेळी खरं कारण सापडलं. ज्यांनी गाडीला हँडल उंच करणारे रायझर, मागे सामानाचा टॉपबॉक्स, मोठी विंडशील्ड असं काही बसवून घेतलंय त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडून मी हीच तक्रार ऐकते, आणि बहुतेक जण एकतर बॉक्सला दोष देतात नाहीतर घाईने सगळा कोनसेट बदलून टाकतात. बदललेला कोनसेटही पुन्हा सैल होतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी गाडीबद्दल. ३५० सीसी, एक सिलिंडर, वजन दोनशे किलोच्या आसपास, पुढे १९ इंची चाक. कंपनीकडून आली तेव्हा तिच्यात काहीही खोट नव्हती, पहिले १४,००० किलोमीटर एका हाताने चालवावी इतकी सरळ चालायची. त्यानंतर दीड वर्षात मी एकेक करत बसवलं: ३० मिलिमीटरचे रायझर, ४५ लिटरचा टॉपबॉक्स, हँडलच्या नळीला धरणारी उंच विंडशील्ड, क्रॅशगार्ड आणि त्यावर दोन फॉग लॅम्प, हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड आरसे आणि मागे कंपनीच्या मापापेक्षा एक साईज रुंद टायर. प्रत्येक वस्तूला तिचं कारण होतं. पाठ दुखायची म्हणून रायझर, पावसाळ्यात डबा आणि लॅपटॉप कोरडा राहावा म्हणून बॉक्स. पण सहा गोष्टी बदलल्यावर दोष आला की नेमका कशाने आला हे सांगणं अवघड होतं. निदान करताना सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

आधी आजार ओळखा, कारण ते दोन आहेत

बोलताना आपण सगळ्यालाच 'गाडी वॉबल करते' म्हणतो. पण यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात आणि दोघींचे इलाज वेगळे आहेत.

पहिली थरथर. ही हँडलची असते, जलद असते, सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा, आणि बहुतेकदा ५० ते ८०च्या दरम्यान, ॲक्सिलरेटर सोडल्यावर येते. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं एखादं चाक कसं वेड लागल्यासारखं फडफडतं, तसंच गाडीच्या पुढच्या चाकाचं होतं. तिथेही कारण तेच: चाक ज्या खिळीवर फिरतं ती सैल असते, किंवा चाकच एका बाजूने झिजलेलं असतं.

दुसरं डोलणं. यात हँडल थरथरत नाही, अख्खी गाडी कमरेतून हलते. मागचा भाग एकीकडे, पुढचा दुसरीकडे, सावकाश, सेकंदाला दोन ते चार वेळा. वेग जास्त असताना, आडवा वारा असताना किंवा मोठ्या ट्रकच्या मागे गेल्यावर येतं. खंबाटकी घाट उतरून सुरूरकडे मोकळ्या माळावर आलं की पावसाळ्याच्या तोंडावर मला हे हमखास जाणवायचं.

मला दोन्ही होत्या. आणि गॅरेजात मी दोन्ही एका वाक्यात सांगायचे, ही माझी चूक. 'वेग वाढला की गाडी हलते' एवढं ऐकून कोणीही कोनसेटच बघेल. त्यापेक्षा असं सांगा: 'वेग ६५वरून उतरताना, एकटी असताना, बॉक्स रिकामा असताना हँडल थरथरतं. आणि ७५च्या पुढे वारा असला की मागून डोलते.' इतकं नेमकं सांगितलं की समोरचा माणूस पण वेगळ्या नजरेने गाडी बघतो.

एक सूचना इथेच देते. पुष्कळ लोक तपासण्यासाठी दोन्ही हात सोडून बघायला सांगतात. तसं करू नका. तळवे हँडलवरच ठेवा, फक्त बोटं सैल करा. तेवढ्याने थरथर कळते. आणि चालू गाडीत ती वाढलीच तर पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, हँडल गच्च आवळायचं नाही. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग थोडं पुढे घ्या आणि वेग हळूहळू कमी होऊ द्या.

दुसऱ्याची न बदललेली गाडी चालवून बघा

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे माझ्यासारखीच गाडी आहे, त्याच वर्षाची, जशी आली तशी. एका रविवारी सकाळी सहा वाजता आम्ही दोघं नागठाण्याजवळ भेटलो. दोन्ही गाड्यांची हवा माझ्याच गेजने सारखी केली आणि नागठाणे ते अतीत हा पट्टा आलटून-पालटून चालवला. सकाळची वेळ मुद्दाम, कारण नऊनंतर तिथे वारा सुटतो आणि ट्रकची रांग लागते. वेग ८०च्या आतच, चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा तेवढीच आहे आणि या कामाला त्याहून जास्त लागतही नाही.

माझी अपेक्षा होती की फरक ७०वर कळेल. कळला भलतीकडेच. त्याच्या गाडीवर बसून हॉटेलच्या आवारातून बाहेर पडताना, चालण्याच्या वेगात, पहिल्या गिअरमध्ये. त्याची गाडी जिकडे बघावं तिकडे आपण होऊन वळत होती. माझी गाडी त्याच वेगात सतत सावरावी लागायची, थोडं डावीकडे, लगेच थोडं उजवीकडे, नवशिक्या सायकलस्वारासारखं. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो दोष आहे हेच विसरले होते. सहकारी माझी गाडी फिरवून आला आणि उतरायच्या आधीच म्हणाला, "ताई, तुमचं हँडल मधे अडकतंय."

तो त्रास ७०ला होतो, पण त्याचं निदान ताशी दहाच्या वेगात होतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तीन चकरा वाचल्या असत्या. म्हणून तुमच्यासारखीच, काही न बदललेली गाडी कोणाकडे असेल तर ती दहा मिनिटं मागून घ्या. मिळत नसेल तर शोरूममधून टेस्ट राईड घ्या. आणि तिथे इंजिनाचा आवाज, पिकअप हे थोडा वेळ बाजूला ठेवून दोनच गोष्टी बघा: अगदी सावकाश आठचा आकडा काढताना हँडल हाताला काय सांगतं, आणि ६५वरून वेग उतरताना काय सांगतं. त्या दोन नोंदी लगेच फोनमध्ये लिहून ठेवा. अर्ध्या तासाने मन आपल्याला हवं तेच आठवून देतं.

घरी काय तपासायचं

हवा सगळ्यात आधी, आणि गाडी थंड असताना. आमच्या रस्त्यावरच्या दोन पंपांच्या गेजमध्ये मला सहा पीएसआयचा फरक सापडला. पुढच्या टायरात चार-पाच पीएसआय कमी असले तरी थरथर येते, म्हणून खिशात मावणारा स्वतःचा गेज घ्या आणि आकडा मित्राला न विचारता गाडीवरच्या स्टिकरवरून घ्या. डबलसीटचा आकडा वेगळा असतो, भरलेला टॉपबॉक्स असेल तर मागे तोच धरा.

मग टायर. पुढच्या टायरावर हात उलटसुलट फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने दातरं लागत असतील तर ते टायर थरथर देणारच, कोनसेट कितीही नवा असो. मागचं टायर महामार्गावर चालून मधे सपाट झालं असेल तर गाडी वळणावर त्या कडेवरून घसरल्यासारखी वाटते. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आणि रिमलगत टायरवर जी बारीक रेघ गोल फिरते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना बघा. नसेल तर टायर नीट बसलेलं नाही, पंक्चर काढल्यावर असं पुष्कळदा होतं.

तारांचं चाक असेल तर छोट्या पान्याने एकेक तार हलकेच वाजवा. कसलेली तार टण्ण वाजते, ढिली तार मुकी असते. पुढचं चाक उचलून शॉकअपला एक केबल टाय बांधा, टोक रिमच्या जवळ येईल असं कापा आणि चाक फिरवा. रिम वाकडी असेल तर टोक आणि रिम यांच्यातली फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते.

मागे चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवा. खटखट आली तर ती चाकाच्या बेरिंगमधून आहे की स्विंगआर्मच्या बुशमधून, हे बघायला दुसऱ्या माणसाला सांधा बोटाने धरायला सांगा. स्विंगआर्म म्हणजे गॅरेजवाले ज्याला चिमटा म्हणतात तो. आणि साखळी ताणताना चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नका. माझ्या गाडीत दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवूनही चाक दोन मिलिमीटर तिरकं होतं. चिमटा ज्यावर हलतो त्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत टेपने दोन्ही बाजू मोजल्या तेव्हा कळलं.

आता कोनसेट. हा भाग सावकाश करा. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक हवेत. समोर बसून दोन्ही शॉकअप खालून धरा आणि पुढे-मागे ओढा. डाव्या हाताचं एक बोट हँडलखालच्या सांध्यावर ठेवलंत तर सैलपणा आवाजाआधी बोटाला कळतो. पण बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच संपते आणि इथेच फसगत होते. पुढचं असं: हँडल सरळ ठेवा, मग एका बोटाने किंचित ढकला. ते आपल्या वजनाने एका बाजूला सरळ टोकापर्यंत पडलं पाहिजे, दुसऱ्या बाजूलाही तसंच. मधे थांबलं, किंवा मधल्या जागी टक् करून बसल्यासारखं वाटलं, तर आतल्या वाट्यांना खड्डे पडलेत.

खड्डे पडलेल्या कोनसेटचं दुखणं विचित्र असतं. छर्रे मधल्या खड्ड्यांत बसलेले असताना नीट आवळला, तर हँडल वळवल्यावर छर्रे खड्ड्यातून वर चढतात आणि जड होतात. वळवलेल्या जागी मोकळा ठेवला, तर मधे आल्यावर सैल पडतो. म्हणजे दोन्हीकडे बरोबर असा कस, म्हणजे आवळणीचा ताण, त्याला देताच येत नाही. मेकॅनिकने कितीही मन लावून काम केलं तरी गाडी एकतर हळू वेगात भटकणार नाहीतर मोठ्या वेगात थरथरणार. माझ्या गाडीचं तिसऱ्या आवळणीनंतर हेच झालं होतं.

रायझर बसवलेल्यांनी अजून एक बघायचं. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे, आणि हे लगेच दुरुस्त करायचं काम आहे. पुढच्या ब्रेकची होजसुद्धा पूर्ण वळवल्यावर तंबोऱ्याच्या तारेसारखी होता कामा नये. केबल ताणून राहिल्या की त्याही हँडलला एका बाजूला ओढतात, आणि ते ओढणं कोनसेटच्या खात्यावर जातं.

मूळ कारण

उंब्रजजवळ एक वयस्कर मेकॅनिक आहेत, छोटं दुकान, बाहेर बाभळीखाली काम करतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "रायझर बसवताना वरची टी काढली होती का?"

वरची टी म्हणजे हँडलखालची जाड प्लेट, जिच्यातून शॉकअपच्या दोन नळ्या वर येतात. हो, काढली होती, माझ्या समोरच. काकांनी मधल्या मोठ्या नटाला हात लावलाच नाही. नळ्यांना दोन्ही बाजूंनी आवळणारे जे बोल्ट असतात ते एकेक वळसा सैल केले. दुसरा सैल होताच टक् असा बारीक आवाज झाला आणि प्लेट खाली बसली. किती, तर नखाच्या जाडीएवढी. मी वाकून बघत होते म्हणून दिसली. मग त्यांनी मधला मोठा नट बोटाने फिरवला, आणि तो फिरला. इतका वेळ गच्च वाटणारा नट बोटाने फिरत होता.

समजून घ्यायची गोष्ट ही आहे. कोनसेटचा कस ठरवणारी चकती-नट वेगळी असते, खाली. तिला जागच्या जागी धरून ठेवायचं काम वरून दाबणाऱ्या टी-प्लेटचं. मोठा नट प्लेटला खाली दाबतो, प्लेट चकतीला दाबते, मग चकती फिरत नाही. पण नळ्यांचे बाजूचे बोल्ट आधीच आवळलेले असले तर प्लेट नळ्यांनाच धरून राहते. वरून नट कितीही आवळा, सगळा जोर नळ्यांवर जातो, चकतीपर्यंत पोचत नाही. पाना सांगतो घट्ट झालं. गाडी पाचशे किलोमीटर खड्ड्यांतून गेली की चकती हळूहळू उलटी फिरते, छर्रे सैल होतात आणि प्रत्येक खड्ड्याला वाटीवर हातोडीसारखे बसतात. रायझर बसवताना हा क्रम चुकला आणि पुढे तिन्ही वेळा आवळताना कोणी बाजूच्या बोल्टना हातच लावला नाही.

उघडल्यावर खालची वाटी त्यांनी पुसून माझ्या हातात दिली. आतल्या गोल पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या खुणा, एकापुढे एक, सारख्या अंतरावर. नख फिरवलं तर प्रत्येक खुणेत अडकत होतं. अशी वाटी आवळून काही उपयोग नसतो, ती बदलायचीच.

बसवायचा क्रम तुमच्या मेकॅनिकसमोर उभं राहून बघा आणि गरज पडली तर नम्रपणे सांगा. नवीन वाट्या सरळ आणि तळापर्यंत ठोकल्या पाहिजेत, ग्रीस भरपूर. चकती-नट आधी जरा जास्त आवळून हँडल सात-आठ वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं म्हणजे छर्रे बसतात. मग नट सोडून पुन्हा हलका कस द्यायचा. वरची टी बसवायची, बाजूचे बोल्ट सैलच. मोठा नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. आता हँडल पडतंय का परत बघायचं, कारण मोठा नट आवळल्यावर कस थोडा वाढतो. वाढला असेल तर खोलून चकती किंचित सैल. हे दोनदा-तीनदा करावं लागतं, यात घाई करणाऱ्याकडे काम देऊ नये. सगळं जमल्यावरच बाजूचे बोल्ट. शेवटी पुढचा ॲक्सल सैल करून, गाडी खाली घेऊन, ब्रेक दाबून शॉकअप पाच-सहा वेळा दाबायचे आणि मग ॲक्सल आवळायचा, म्हणजे दोन्ही नळ्या एका रेषेत येतात.

बाजारात गोल छर्ऱ्यांऐवजी टेपर रोलरचे, म्हणजे निमुळत्या लांबट रुळांचे कोनसेट मिळतात आणि ते जास्त टिकतात. मी कंपनीचाच छर्ऱ्यांचा घेतला, कारण मूळ दोष कोनसेटचा नव्हताच आणि मला एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती.

थरथर गेली, डोलणं राहिलं

परतीच्या वाटेवरच थरथर पूर्ण गेलेली होती. आवारात गाडी सहकाऱ्याच्या गाडीसारखी वळायला लागली. पण ७५ला वाऱ्यात डोलणं तसंच. तेव्हा वस्तू एकेक काढून बघितल्या, आणि काढून बरं वाटलं की परत लावूनही बघितलं. परत लावल्यावर दोष परत आला तरच ती वस्तू दोषी धरायची. नाहीतर त्या दिवशी वाराच नव्हता असंही असू शकतं.

टॉपबॉक्सचा हिशेब मी कागदावर केला. प्लेट आणि बॉक्स मिळून सहा किलो, आत आठ किलो, एकूण चौदा. हे वजन मागच्या ॲक्सलच्या मागे साधारण ३० सेंटिमीटर लटकतं आणि दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर. म्हणजे पुढच्या चाकावरून तीन किलो उचललं जातं आणि मागच्या चाकावर सतरा किलो येतं. तीन किलो फार वाटत नाही. खरा त्रास असा की ते वजन उंच आणि टोकाला आहे, लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या वीटेसारखं. एकदा हललं की थांबायला वेळ लागतो. आणि बॉक्सची सपाट पाठ वाऱ्याला शिडासारखी मिळते. मी प्लेट खाचेतून सहा सेंटिमीटर पुढे सरकवली, कुलूप-साखळी, हवेचा पंप, पाने हे जड सामान टाकीवरच्या बॅगेत आणलं, बॉक्समध्ये तीन किलोच्या वर काही ठेवत नाही. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, दोन खाचा वाढवला. अर्धं डोलणं इथे संपलं.

उरलेलं अर्धं विंडशील्डचं होतं, आणि हे मला आधी पटत नव्हतं. छातीवरचा वारा अडतो म्हणून ती मला सगळ्यात आवडती होती. पण हँडलला धरलेल्या काचेवर वारा आदळला की तो थेट स्टिअरिंगमध्ये उतरतो. मागे एकदा मी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची टेस्ट राईड घेतली होती, तेव्हाची ३७३ सीसीवाली, पुढे १९ आणि मागे १७ इंची चाक. इंजिन माझ्या गाडीपेक्षा किती चपळ हे सगळेच सांगतात, माझ्या लक्षात राहिलं ते वेगळं. तिची काच आणि पुढचा दिवा चेसीला धरून होता, हँडलसोबत फिरत नव्हता. ट्रकच्या बाजूने जाताना वारा अंगाला लागत होता, हातांना नाही. त्यानंतर मी उंच काच काढून हातभर रुंदीची छोटी लावली. वाऱ्याचा आराम थोडा गेला, हात शांत झाले. रोजच्या शंभर किलोमीटरला मला हात शांत असणं जास्त मोलाचं वाटतं.

बार-एंड आरशांबद्दल लोक उगाच घाबरतात. ट्रायम्फ स्पीड ४००ला कंपनीकडूनच तसे आरसे येतात आणि मी चालवून बघितलेल्या गाडीचं हँडल अगदी स्थिर होतं. आरसा दोषी नसतो. आपण तो बसवताना हँडलच्या टोकाचं लोखंडी वजन काढून टाकतो, तिथे चूक होते. ती वजनं कंप शोषायला दिलेली असतात. मी वजनं परत लावली आणि आरसे नळीला क्लॅम्पने धरणारे घेतले. मागचं रुंद टायर झिजल्यावर मूळ मापाचं घेतलं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं की ते दोन्हीकडून आत ओढलं जातं आणि मधे टोकदार होतं, गाडी वळताना अचानक पडल्यासारखी वाटते. क्रॅशगार्ड आणि दिवे काढून-लावून काहीच फरक पडला नाही, ते तसेच आहेत.

आता उंच कंटेनरच्या अगदी मागे गेलं तर गाडी अजून हलते. ती तशी कोणाचीही हलते, तो वारा आहे. तिथे अंतर वाढवणं एवढाच इलाज.

काकांनी काम संपल्यावर मला नेलपॉलिश आणायला सांगितलं होतं. लाल रंगाची एक बारीक रेघ मोठ्या नटावरून प्लेटवर, आणि दुसरी चकती-नटावरून खालच्या दांड्यावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. मी दर रविवारी साखळीला तेल देताना बॅटरी मारून बघते. सात महिने झाले, दोन्ही रेघा अखंड आहेत.